अड्यारकाठची अधिकारी प्रबोधिनी

चेन्नई शहराच्या नैऋत्येला सेंट थॉमस माउंट ही टेकडी आहे. तमिळ लोक तिला परंगीमलै म्हणतात. ही टेकडी, विमानतळ आणि अड्यार नदी यांच्या दरम्यानच्या लष्करी जमिनीवर ऑफिसर्स ट्रेनिंग अकादमी, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनी, उभी आहे. लष्करात सगळे तिला ‘ओटीए’ म्हणतात. चेन्नई मेट्रोच्या एका स्थानकाच्या नावातही ही तीन अक्षरे आली आहेत. मराठी वाचकाला अड्यार हे नाव बहुधा थिऑसॉफिकल सोसायटी आणि अॅनी बेझंट यांच्यामुळे परिचयाचे असते. तो परिसर नदीच्या मुखाजवळ आहे, तर प्रबोधिनी त्याच नदीच्या वरच्या अंगाला. १९६३ मध्ये युद्धाच्या निकडीतून, तात्पुरती सोय म्हणून इथे एक शाळा सुरू झाली. आज भारतीय लष्करातील अल्पसेवा अधिकारी घडवणारी ती मुख्य संस्था आहे. लष्करी शिक्षणाशी या नदीचा संबंध मात्र १९६३ च्या दोन शतके आधीपासूनचा आहे.

१७४६ च्या सप्टेंबरमध्ये फ्रेंचांनी इंग्रजांकडून मद्रास घेतले. ते आपल्या हवाली होईल अशी कर्नाटकचा नवाब अन्वरुद्दीन याची समजूत होती. तसे घडेना, तेव्हा त्याने मुलगा महफूजखान याच्याबरोबर सुमारे दहा हजारांची फौज पाठवली. २४ ऑक्टोबर १७४६ रोजी, म्हणजे नव्या दिनदर्शिकेप्रमाणे ४ नोव्हेंबरला, अड्यारच्या मुखाजवळ सान थोमेपाशी या फौजेची गाठ पाँडिचेरीहून आलेल्या एका लहान तुकडीशी पडली. कॅप्टन पॅराडिस या स्विस अधिकाऱ्याच्या हाताखाली जेमतेम हजारभर माणसे होती. त्यांतले युरोपीय थोडे, बाकीचे फ्रेंचांनी तयार केलेले हिंदी शिपाई. पलीकडच्या तीरावर नवाबाच्या तोफा रोखलेल्या असताना ही तुकडी पाण्यात उतरली, नदी पार करून तिने एका हुकुमावर बंदुकांची फैर झाडली आणि संगिनी रोखून चाल केली. काही वेळातच नवाबाची फौज सान थोमेच्या गल्ल्यांतून पळत सुटली.

या लढाईआधी पाचच वर्षे, १७४१ मध्ये, रघूजी भोसल्यांच्या मराठी घोडदळाने याच कर्नाटकात त्रिचनापल्ली जिंकली होती आणि ती राखणाऱ्या चंदासाहेबाला साताऱ्यास कैदेत पाठवले होते. तोवर दक्षिणेतल्या लढाया संख्येवर, घोड्यांच्या वेगावर आणि रसद तोडण्यावर जिंकल्या जात होत्या. एका ओळीत उभे राहून, हुकूम होईपर्यंत गोळी न झाडणारे पायदळ दसपट फौजेला मागे रेटू शकते, हे अड्यारकाठी पहिल्यांदा इतके उघड दिसले. त्या शिपायांतले बहुसंख्य हिंदीच होते, हे विशेष. फरक वंशाचा नव्हता, शिक्षणाचा होता. १७४८ मध्ये मेजर स्ट्रिंजर लॉरेन्स इंग्रजांच्या बाजूने आला आणि त्याने कंपनीच्या मद्रास फौजेची पद्धतशीर बांधणी सुरू केली. आजच्या मद्रास रेजिमेंटची परंपरा १७५८ मध्ये उभ्या राहिलेल्या पलटणींपर्यंत मागे जाते.

मराठ्यांनीही हा धडा घेतला, पण अर्धाच. फ्रेंचांच्या हाताखाली तयार झालेला इब्राहिमखान गारदी १७६० मध्ये उदगीरला पेशव्यांच्या बाजूने लढला आणि पुढच्या वर्षी पानिपतावर त्याच्या पलटणींनी शर्थ केली. पुढे महादजी शिंद्यांनी द ब्वान्य या सरदाराकडून कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या. या ‘कंपू’तले शिपाई आणि तोफा कोणत्याही कंपनी फौजेच्या तोडीस तोड होत्या. त्यांचे बहुतेक अधिकारी मात्र परके होते, पगारावर ठेवलेले. १८०३ चे युद्ध सुरू होताच इंग्रजांनी शिंद्यांच्या चाकरीतील ब्रिटिश अधिकाऱ्यांना परत येण्याचे आवाहन केले आणि अनेक जण निघून गेले. त्याच वर्षी २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीच्या फौजेत मद्रासच्या देशी पलटणी होत्या, तर शिंद्यांच्या पायदळाचे नेतृत्व पोलमान या जर्मनाकडे होते. शिंद्यांचे गोलंदाज तोफांपाशी उभे राहून मेले. शिपाई तयार करता आले होते. त्यांना लढवणारे स्वतःचे अधिकारी घडवणारी शाळा मराठी राज्यात उभी राहिली नव्हती. त्या काळच्या मराठी लष्करी इतिहासातली ही सर्वांत महाग पडलेली उणीव आहे.

प्रबोधिनी ज्या जमिनीवर आहे तिचा लष्करी वापरही जुना आहे. मद्रासच्या किल्ल्यापासून परंगीमलै काही मैलांवर, आत येणाऱ्या वाटेवरच आहे. त्यामुळे शहरावर चालून येणारा आणि शहर राखणारा असे दोघेही या टेकडीपाशी तळ देत. १७५८-५९ मध्ये फ्रेंच सेनापती लालीने मद्रासला वेढा घातला तेव्हा फेब्रुवारी १७५९ मध्ये टेकडीच्या पायथ्याशी लढाई झाली. १७६९ मध्ये हैदर अलीने इथवर धडक मारून इंग्रजांना तहाला भाग पाडले. १७८० मध्ये त्याच्यावर चालून जाण्यासाठी हेक्टर मन्रोची फौज जमली तीही इथेच. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कंपनीच्या मद्रास तोफखान्याचे मुख्यालय टेकडीच्या पायथ्याला आले आणि त्याभोवती छावणी वाढत गेली. बराकी, अधिकाऱ्यांचे बंगले, मोठे कवायत मैदान, चर्च आणि बाजार अशी तिची ठेवण होती. शेजारच्या पल्लावरमसह ही छावणी आजही कँटोन्मेंट बोर्डाच्या कारभाराखाली आहे.

तोफखान्याला आणि कवायतीला लागणारी सलग, सपाट जमीन इथे होती. विल्यम लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची आधाररेषा मोजायला सुरुवात केली तीही सेंट थॉमस माउंटपासूनच. सुमारे साडेसात मैलांच्या या रेषेवरून पुढे हिमालयापर्यंतची मोजणी साधली गेली. लॅम्बटन स्वतः १८२३ मध्ये काम चालू असतानाच वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाटला वारला. त्याची कबरही तिथेच आहे.

या छावणीत दीडशे वर्षे हिंदी माणूस गोलंदाज झाला, शिपाई झाला, सुभेदार झाला. कमिशन मिळवलेला अधिकारी मात्र झाला नाही. हिंदी तरुणांना सँडहर्स्टचे दार पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस किलकिले झाले आणि डेहराडूनची इंडियन मिलिटरी अकादमी १ ऑक्टोबर १९३२ रोजी सुरू झाली. दुसऱ्या महायुद्धात फौज झपाट्याने वाढली, तेव्हा बेळगाव, महू आणि बंगळूर येथे अधिकाऱ्यांसाठी थोड्या मुदतीच्या शाळा काढाव्या लागल्या. सामान्य घरातील, शिकलेल्या तरुणाला काही महिन्यांत पलटणीचा अधिकारी करता येतो हे त्या शाळांनी दाखवून दिले. युद्ध संपताच त्या मिटल्या. स्वातंत्र्यानंतर अधिकारी घडवण्याचे काम डेहराडून आणि १९५५ पासून रीतसर नांदू लागलेली खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी यांच्यावर राहिले. खडकवासल्याची तीन वर्षे आणि डेहराडूनचे पुढचे शिक्षण, असा तो लांब पल्ल्याचा मार्ग होता. शांततेच्या काळात तो पुरेसा होता.

१९६२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये चीनबरोबरच्या युद्धात ही पुरेशी वाटणारी व्यवस्था उघडी पडली. कृष्ण मेनन यांच्या जागी यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, असे महाराष्ट्रात तेव्हापासून म्हटले जाते. त्यांच्या कारकिर्दीत लष्कर सव्वाआठ लाखांपर्यंत वाढवण्याची आणि डोंगरी युद्धासाठी नव्या डिव्हिजन उभ्या करण्याची योजना झाली. जवान भरती करता येतात, तोफा विकत घेता येतात, पण प्रत्येक नव्या पलटणीला वीस-पंचवीस तरुण अधिकारी लागतात आणि ते चार वर्षांनी मिळून उपयोग नसतो. म्हणून सरकारने आणीबाणी कमिशन देण्याचे ठरवले आणि १९६३ च्या आरंभी पुणे व मद्रास या दोन ठिकाणी ऑफिसर्स ट्रेनिंग स्कूल उघडल्या. महाविद्यालयांतून, कचेऱ्यांतून, शाळामास्तरांतून आलेल्या तरुणांना सुमारे सहा महिन्यांत तयार करून सीमेवर पाठवायचे, एवढेच या शाळांचे काम होते.

पुण्याची शाळा थोड्याच काळात बंद झाली. मद्रासची टिकली. परंगीमलैच्या छावणीत लष्कराची मोकळी जमीन मुबलक होती, जवळ रेल्वे, विमानतळ आणि मोठे शहर होते, आणि थंडीचा कडाका नसल्यामुळे मैदानावरचे काम बाराही महिने चालू शकत होते. ऊन आणि दमट हवा यांचा त्रास प्रत्येक तुकडीला होतो, पण लष्करी शिक्षणात तो तोटा मानला जात नाही. पुण्याच्या परिसरात तर खडकवासल्यासह लष्कराच्या कितीतरी संस्था आधीच दाटीने वसल्या होत्या. दक्षिणेत अशी दुसरी शाळा नव्हती.

आणीबाणी कमिशनवरच्या अनेक अधिकाऱ्यांनी १९६५ चे युद्ध पाहिले. काहींना पुढे कायम कमिशन मिळाले, काही लष्करातून मोकळे होऊन पोलीस व प्रशासकीय सेवांत गेले. मुळातली निकड तोवर ओसरली होती, पण गरज गेली नव्हती. फौज वाढलेली होती आणि तिला तरुण अधिकारी सतत लागत होते. प्रत्येकाला कायम कमिशन दिले, तर वरच्या पदांवर गर्दी होते आणि खालची पदे रिकामी राहतात. काही वर्षे सेवा करून परत नागरी जीवनात जाणारा अधिकारी हा त्यावरचा उपाय होता. १९६५ पासून मद्रासच्या शाळेत अल्पसेवा कमिशनचे अभ्यासक्रम सुरू झाले आणि तात्पुरती शाळा कायमची झाली. रौप्यमहोत्सवाच्या वेळी, १ जानेवारी १९८८ रोजी, तिला अकादमीचा दर्जा मिळून आजचे नाव लाभले. ‘सन्मानाने सेवा’ या अर्थाचे इंग्रजी ब्रीद ती मिरवते.

इथल्या सोयींची रचना एका प्रश्नाभोवती झाली आहे: खडकवासला-डेहराडूनला जे चार वर्षांत होते, ते वर्षभरात कसे करायचे? अभ्यासक्रम आज ४९ आठवड्यांचा आहे. येणारा प्रत्येक जण पदवीधर असतो. संघ लोकसेवा आयोगाची संयुक्त संरक्षण सेवा परीक्षा, एनसीसी किंवा अन्य मार्गाने येऊन, निवड मंडळाच्या पाच दिवसांच्या कसोटीतून तो पार पडलेला असतो. त्यामुळे महाविद्यालयीन शिक्षणावर वेळ घालवावा लागत नाही, सगळा भर शरीर, शस्त्र आणि नेतृत्व यांवर देता येतो. भल्या पहाटे व्यायाम, मग कवायत, शस्त्रप्रशिक्षण, वर्गातले डावपेच, दुपारी खेळ आणि रात्री अभ्यास असा दिवस बांधलेला असतो. त्यासाठी कवायत चौक, गोळीबाराची मैदाने, अडथळ्यांची वाट, दोरखंड चढण्याच्या चौकटी, पोहण्याचा तलाव, घोड्यांच्या पागा, व्यायामशाळा, ग्रंथालय आणि वसतिगृहे एकाच आवारात आहेत. मद्रास विद्यापीठाच्या मान्यतेने संरक्षण व्यवस्थापन आणि सामरिक अभ्यास या विषयांतली पदव्युत्तर पदविकाही छात्रांना मिळते. शारीरिक चाचणीत पाठीवर बोजा आणि हाती रायफल घेऊन पाच किलोमीटर धावणे, नऊ फुटांचा खड्डा उडी मारून ओलांडणे, उभ्या आणि आडव्या दोरावरून जाणे हे सर्व ठरलेल्या वेळेत करावे लागते.

पहिल्या आठवड्यांचा सगळा ताबा उस्तादांकडे असतो. उस्ताद म्हणजे पलटणींतून निवडून आणलेले हवालदार, नायब सुभेदार. हेच लोक पुढे या छात्रांना सलाम करणार असतात, पण वर्षभर त्यांच्या हुकुमावर छात्र धावतात, लोळतात आणि चूक झाली की रगडा खातात. अधिकारी होण्याआधी छात्राला जवानाच्या हाताखाली काढावे लागणारे हे वर्ष प्रबोधिनीतली सर्वांत मोलाची सोय मानायला हवे. ते कुठल्याही नकाशात दिसत नाही.

छात्रांची विभागणी कंपन्यांत होते आणि कंपन्यांना लढायांची नावे आहेत. कोहिमा आणि जेसामी ही नावे १९४४ मध्ये नागभूमीत जपान्यांना अडवणाऱ्या लढायांची, मेकटिला हे १९४५ च्या ब्रह्मदेशातील मोहिमेचे. नौशेरा आणि झोजिला १९४८ च्या काश्मीर युद्धातून आली. झोजिलाच्या बर्फाळ खिंडीत त्या नोव्हेंबरात रणगाडे चढवून शत्रूला चकित केले होते. फिल्लोरा ही १९६५ ची रणगाड्यांची लढाई. कंपन्यांमधली चढाओढ खेळांपासून कवायतीपर्यंत वर्षभर चालते आणि सत्राअखेर अव्वल कंपनीला निशाण मिळते.

दीक्षान्त संचलन ज्या चौकात होते, त्याला मेजर रामस्वामी परमेश्वरन यांचे नाव दिलेले आहे. त्यांचा जन्म १९४६ मध्ये मुंबईत झाला, शिक्षणही तिथल्याच एसआयईएस शाळा-महाविद्यालयात. मद्रासच्या शाळेतून जून १९७२ मध्ये बाहेर पडून ते महार रेजिमेंटच्या १५ व्या बटालियनमध्ये रुजू झाले. भारतीय शांतिसेनेबरोबर श्रीलंकेत असताना, २५ नोव्हेंबर १९८७ च्या रात्री शोधमोहीम आटोपून परतणाऱ्या त्यांच्या तुकडीवर दबा धरलेल्या अतिरेक्यांनी हल्ला केला. परमेश्वरन यांनी अतिरेक्यांना मागून घेरले. समोरासमोरच्या झटापटीत छातीत गोळी लागल्यावरही त्यांनी समोरच्याची रायफल हिसकावून त्याला ठार केले आणि शेवटपर्यंत हुकूम देत राहिले. त्यांना मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले. कारगिलमध्ये महावीरचक्र मिळवलेले मेजर पद्मपाणि आचार्य आणि २०१४ मध्ये काश्मीरात धारातीर्थी पडून अशोकचक्राचे मानकरी ठरलेले मेजर मुकुंद वरदराजन हेही याच प्रबोधिनीचे. अल्पमुदतीच्या शिक्षणातून येणारा अधिकारी दुय्यम, ही शंका एकेकाळी घेतली जाई. ही नावे तिचे उत्तर आहेत.

प्रबोधिनीच्या इतिहासातला सर्वांत मोठा बदल १९९२ चा. तोवर लष्करात स्त्रिया डॉक्टर किंवा परिचारिका म्हणूनच येत. त्या वर्षी विशेष प्रवेश योजनेखाली २५ तरुणी इथे दाखल झाल्या आणि मार्च १९९३ मध्ये अधिकारी म्हणून बाहेर पडल्या. छात्र क्रमांक एक होत्या प्रिया झिंगन. केवळ पुरुषांसाठी बांधलेल्या आवारात राहण्याच्या सोयींपासून सगळे बदलावे लागले. सुरुवातीला स्त्रियांचा अभ्यासक्रम वेगळा आणि आखूड होता. पुढे तो पुरुषांच्या बरोबरीचा झाला आणि आज दोघे एकाच चौकात कवायत करतात. २०१० मध्ये दिव्या अजित कुमार यांनी मानाची तलवार पटकावली. हा मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. खडकवासल्यात मुलींना प्रवेश २०२२ मध्ये मिळाला. मधल्या तीस वर्षांत लष्कराची दारे स्त्रियांसाठी उघडी ठेवण्याचे काम मुख्यतः अड्यारकाठच्या या संस्थेने केले.

स्त्रियांच्या या वाटचालीत महाराष्ट्राचा वाटा मोठा आणि वेदनेचाही आहे. साताऱ्याचे कर्नल संतोष महाडिक नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक यांनी निवड मंडळाची परीक्षा देऊन इथले खडतर वर्ष पूर्ण केले आणि सप्टेंबर २०१७ मध्ये त्या लेफ्टनंट झाल्या. विरारच्या गौरी महाडिक यांचे पती मेजर प्रसाद महाडिक यांनी सीमेवर प्राण गमावला. गौरी यांनी मार्च २०२० मध्ये याच चौकातून ‘अंतिम पग’, म्हणजे छात्रजीवनाचे शेवटचे पाऊल, ओलांडले. संचलन संपल्यावर आईवडील छात्राच्या खांद्यावर तारे लावतात. अशा प्रसंगी ते कुणी लावले आणि कुणाच्या साक्षीने, हे सांगायला शब्द अपुरे पडतात.

भूतान, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतील काही मित्रदेशांचे छात्रही इथे शिकून गेले. अधिकाऱ्यांची तूट भरून निघेना म्हणून २०११ मध्ये बिहारमधील गयेला याच नमुन्यावर दुसरी प्रबोधिनी काढण्यात आली. फेब्रुवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अल्पसेवेतील स्त्री अधिकाऱ्यांना कायम कमिशनचा हक्क मान्य केला, आणि इथून बाहेर पडणाऱ्या तरुणीपुढचा मार्ग लांबला. २९ एप्रिल २०२३ रोजी पाच स्त्री अधिकारी पहिल्यांदाच तोफखान्यात नेमल्या गेल्या. मद्रास तोफखान्याच्या जुन्या मुख्यालयाच्या भूमीवरच हे घडले.

तारे लागल्यानंतर शिक्षण संपत नाही. प्रबोधिनी सगळ्यांना अधिकारीपणाचा समान पाया देते, शस्त्रविशेषाचे ज्ञान पुढच्या शाळेत मिळते. तोफखान्यात नेमणूक झालेले नवे लेफ्टनंट नाशिकजवळच्या देवळालीला जातात, रणगाडा दलाचे अहिल्यानगरला, अभियंते पुण्याच्या दापोडीला, तर पायदळाचे महूला.